आवाज नेमका अडतो कुठे? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या महिन्यात आलेल्या पत्रांत आणि मेलमध्ये आवाजाच्याच तक्रारी जास्त निघाल्या, म्हणून प्रिंटर आणि हार्ड डिस्कवाल्या मंडळींना पुढच्या अंकावर ढकललंय, रागावू नका. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो म्हणजे प्रत्येक उत्तरात परत परत लिहायला नको. कॉम्प्युटरला आवाजाचं एकच बटण नसतं. गच्चीवरच्या टाकीतून मोरीतल्या नळापर्यंत पाणी यायला मध्ये तीन-चार व्हॉल्व्ह लागतात ना, तसंच आहे हे, यूट्यूबची पट्टी वेगळी, ब्राउझरची वेगळी, विंडोजची वेगळी आणि स्पीकरचं गोल बटण आणखी वेगळं, आणि यातलं कुठलंही एक बंद असलं की बाकीची कितीही सोडा, काही येत नाही. त्यामुळे आवाज गेला म्हटलं की लगेच ड्रायव्हर (साउंड कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) उडवायला किंवा विंडोज फॉरमॅट मारायला धावू नका, आधी कुठला व्हॉल्व्ह बंद आहे ते बघा. खाली जे रस्ते दिलेत ते विंडोज ११ चे आहेत, १० वर नावं साधारण तीच, जागा थोड्या इकडेतिकडे.

प्रश्न: नमस्कार दादा. मी शास्त्रीय गायनाचे क्लास घेते. लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन सुरू केले ते तसेच चालू राहिले, आता निम्मे विद्यार्थी दुबई आणि अमेरिकेतले आहेत. कॉम्प्युटरवर तानपुऱ्याचं ॲप लावते आणि झूमवर शिकवते. पण झूम जोडलं की तानपुरा एकदम बारीक होतो, मीटिंग संपली की आपोआप परत मोठा. आणि मुलं म्हणतात ताई तुम्ही सा लावून धरला की मध्येच तुटतो आणि तानपुरा तर ऐकूच येत नाही. माईक नवीन घेतला तरी तेच. काय करू?
– गायन शिक्षिका, मिरज

उत्तर: ताई, ज्या गावच्या तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय टॅग मिळाला त्याच गावातून तानपुरा ऐकू येत नाही अशी तक्रार यावी, म्हणजे कमालच झाली. असो. तुमचा माईक निर्दोष आहे, नवीनही आणि जुनाही. इथे दोन वेगवेगळ्या भानगडी एकत्र झाल्यात.

पहिली विंडोजची. विंडोजमध्ये एक सोय आहे, कॉल सुरू झाला असं तिला वाटलं की बाकीचे सगळे आवाज ती स्वतःहून ८० टक्क्यांनी खाली आणते, हेतू हा की माणूस फोनवर बोलतोय तर मागे गाणी कशाला. ऑफिसवाल्यांना हे बरं पडतं, तुमच्या मात्र मुळावर येतं, कारण तुमचा तानपुरा तिच्या लेखी ‘बाकीचा आवाज’. हे बंद करायला सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग साउंड, मग अगदी तळाला ‘मोअर साउंड सेटिंग्ज’ म्हणून ओळ आहे ती दाबा. जुन्या पद्धतीचं एक छोटं खोकं उघडेल, त्यात शेवटचा टॅब कम्युनिकेशन्स. तिथे चार पर्याय दिसतील, सगळं म्यूट करा, ८० टक्के कमी करा, ५० टक्के कमी करा, आणि काहीच करू नका. शेवटचा ‘डू नथिंग’ निवडा, ओके म्हणा, झूम बंद करून परत चालू करा. बारीक होणं थांबेल.

दुसरी भानगड झूमची. झूम, मीट, टीम्स ही सगळी मंडळी बोलण्यासाठी बनलेली आहेत, गाण्यासाठी नाही. पंखा, एसी, मिक्सर असा एकसारखा चालू राहणारा आवाज आला की हे सॉफ्टवेअर त्याला कचरा समजून गाळून टाकतं. आता तुम्हीच सांगा, एकसारखा, न थांबता, एकाच सुरात चालू राहणारा आवाज म्हणजे दुसरं काय असतं? तानपुराच. आणि लावून धरलेला सा सुद्धा त्याच चाळणीत सापडतो, बोलण्यात कोणी इतका वेळ एकाच सुरावर थांबत नाही ना, म्हणून तुमचा सा तुटतो. तर झूमच्या सेटिंग्जमध्ये ऑडिओ उघडा आणि तिथे ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ हा पर्याय निवडा. त्याच्या खाली ‘हाय फिडेलिटी म्युझिक मोड’ आहे, तोही चालू करा. इको कॅन्सलेशन तिथेच आहे, ते बंद केलंत तर सूर आणखी स्वच्छ जातो पण मग हेडफोन लावूनच शिकवावं लागेल, नाहीतर मुलांचाच आवाज तुमच्या स्पीकरमधून तुमच्या माईकमध्ये जाऊन त्यांना परत ऐकू येईल. आणि माईकचा आवाज आपोआप कमीजास्त करण्याची खूण असते, ती काढून टाका, नाहीतर तुम्ही मंद्रात गेलात की ते आवाज वाढवणार आणि तार सप्तकात गेलात की दाबणार, सगळा गायकीचा चढउतार सपाट. एवढं झाल्यावर प्रत्येक मीटिंगमध्ये वरच्या कोपऱ्यात ‘ओरिजिनल साउंड’ ऑन आहे की ऑफ हे बघायचं, लोक सेटिंग करून ठेवतात आणि तिथलं बटण ऑफच राहतं.

तानपुरा मुलांपर्यंत पोचवायचा तर तो स्पीकरवर वाजवून माईकमधून पाठवू नका, झूमच्या शेअर बटणात जा, तिथे ॲडव्हान्स्डमध्ये फक्त कॉम्प्युटरचा आवाज पाठवायचा पर्याय आहे, स्क्रीन दाखवायची गरज नाही. मग विंडोजचं व्हॉल्यूम मिक्सर उघडून तानपुऱ्याची पट्टी आणि झूमची पट्टी वेगवेगळी लावता येते, म्हणजे मुलांचा आवाज तुम्हाला मोठा आणि तानपुरा मागे, असं जमवा. मिक्सर पटकन उघडायचं तर विंडोजची कळ, कंट्रोल आणि व्ही एकदम दाबा, उजव्या कोपऱ्यात येतं.

पण माझं खरं मत विचाराल तर तानपुरा मुलांनी आपापल्या घरी लावावा, आणि तबला तर त्यांनीच लावायला पाहिजे. कारण असं की मिरजेहून निघालेला ठेका अमेरिकेत पोचायला वेळ लागतो, पोर तो ऐकून अगदी बरोबर समेवर येतं, पण त्याचा आवाज तुमच्याकडे परत यायला तेवढाच वेळ लागतो आणि तुम्हाला तुमच्या ठेक्यावर ते चक्क लयीच्या मागे पडल्यासारखं ऐकू येतं. तुम्ही ओरडणार, ते बिचारं रडकुंडीला येणार, दोघांचीही चूक नाही. ठेका त्याच्याकडे वाजला तर ठेका आणि गाणं दोन्ही एकत्रच उशिरा तुमच्याकडे येतं, लय कळते. त्यासाठी त्याच्याकडेही ओरिजिनल साउंड चालू हवं, नाहीतर झूम त्याचा तबला गिळेल.

आणि ब्लूटूथ हेडफोन वापरत असाल तर क्लासपुरता बाजूला ठेवा. बहुतेक ब्लूटूथ हेडफोनचा माईक चालू झाला की तो गाण्याच्या मोडमधून फोनच्या मोडमध्ये जातो आणि सगळं डब्यात बसून गायल्यासारखं ऐकू येतं. वायरचा साधा हेडफोन त्यापेक्षा बरा.

प्रश्न: मी निवृत्त माणूस, यूट्यूबवर जुनी कीर्तनं आणि नाट्यसंगीत ऐकतो. काही व्हिडिओ इतके बारीक की सगळं १०० वर नेलं तरी पुरत नाही, आणि मध्येच जाहिरात आली की घर दणाणतं, सूनबाई धावत येते. पूर्वी आमच्या एक्सपीवर घड्याळाजवळच्या कर्ण्यावर दोनदा क्लिक केलं की वेव्ह, सीडी, लाइन इन अशा सगळ्या पट्ट्या दिसायच्या, आता ते सगळं कुठे गेलं? शिवाय स्पीकरमधून सारखा सर्रर्र आवाज येतो.
– एक ज्येष्ठ वाचक, नाशिक

उत्तर: काका, एक्सपीच्या त्या पट्ट्या साउंड कार्डाच्या तारांप्रमाणे होत्या, सीडीची वेगळी, लाइन इनची वेगळी. २००७ मध्ये व्हिस्टा आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टने पद्धत बदलली आणि प्रत्येक प्रोग्रामला स्वतःची पट्टी दिली. कर्ण्यावर उजवं क्लिक करून ‘ओपन व्हॉल्यूम मिक्सर’ म्हणा, आत्ता जो जो प्रोग्राम आवाज काढतोय तो तिथे दिसेल. जो गप्प आहे तो दिसतच नाही, म्हणून आधी व्हिडिओ चालू करायचा आणि मग मिक्सर उघडायचं, उलटं केलंत तर क्रोम सापडणार नाही आणि तुम्ही म्हणाल मासिकवाले काहीही सांगतात. क्रोमच्या दहा टॅब उघड्या असल्या तरी मिक्सरमध्ये क्रोम एकच दिसतं बरं का, एखाद्याच साइटला गप्प करायचं तर वर त्या टॅबवर उजवं क्लिक करून म्यूट करायचं.

आता बारीक व्हिडिओचं. पुढचं जरा करून बघा, मजा आहे. चालू व्हिडिओवर उजवं क्लिक करा, यादीत सगळ्यात खाली ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ आहे ते दाबा, कोपऱ्यात काळी पाटी येते बारीक अक्षरांची. त्यात व्हॉल्यूमच्या ओळीत दोन टक्केवाऱ्या असतात आणि पुढे ‘कंटेंट लाउडनेस’ म्हणून एक आकडा डेसिबलमध्ये. समजा तिथे १०० आणि ७१ टक्के लिहिलंय आणि लाउडनेस ३ डेसिबल आहे, म्हणजे ते रेकॉर्डिंग यूट्यूबच्या ठरलेल्या पातळीपेक्षा ३ डेसिबल मोठं होतं म्हणून यूट्यूबनेच ते ७१ टक्क्यांवर आणलं, तुमची पट्टी १०० वर असली तरी. जुन्या कीर्तनाच्या व्हिडिओत तो आकडा उणे १० किंवा उणे १२ असा दिसेल. मोठ्याला यूट्यूब दाबतं, पण बारक्याला उचलत नाही. म्हणजे ध्वनिमुद्रणच बारीक आहे, तुमच्या मशीनचा काही दोष नाही.

उपाय दोन. यूट्यूबच्या दातेरी चाकात ‘स्टेबल व्हॉल्यूम’ दिसत असेल तर चालू करा. दुसरा विंडोजचा, ‘लाउडनेस इक्वलायझेशन’ म्हणून, तो बारीक आवाज उचलतो आणि मोठा दाबतो, जाहिरात दणाणणं बरंच कमी होतं. साउंड सेटिंग्जमध्ये तुमच्या स्पीकरवर क्लिक केलं की ऑडिओ एन्हान्समेंट्स असतं, त्याच्या आत हे सापडतं. जागा ड्रायव्हरप्रमाणे बदलते आणि काही ड्रायव्हरमध्ये ही सोयच नसते, तेव्हा नाही दिसलं तर शोधत बसू नका. नाट्यसंगीत मन लावून ऐकताना मात्र ते बंद ठेवा असं मी म्हणेन, कारण गायकाने मुद्दाम हळू घेतलेली जागाही ते मोठी करून टाकतं आणि गंमत जाते.

सर्रर्र आवाजाबद्दल. तुमच्या स्पीकरचं गोल बटण पूर्ण फिरवलेलं आणि विंडोजची पट्टी ३०-४० वर, असं असणार, पैजेवर सांगतो. स्पीकरच्या आतला ॲम्प्लिफायर जे येईल ते मोठं करतो, खालून बारीक आवाज आणि त्यात वायरीची खरखर, दोन्ही सारखंच मोठं होऊन बाहेर. उलटं करा. यूट्यूब १००, मिक्सरमध्ये क्रोम १००, विंडोज ८०-९०, आणि शेवटी स्पीकरचं बटण शून्यातून हळूहळू फिरवत हवं तिथे थांबवा. नंतर रोजचं कमीजास्त त्याच बटणावर. कीबोर्डवरच्या आवाजाच्या कळीने एका दाबाला २ टक्के फरक पडतो, ते बारीकसारीक करायला ठीक.

प्रश्न: नवीन मॉनिटर घेतला, एचडीएमआयने जोडला आणि स्पीकर बंद पडले. दुकानदार म्हणतो साउंड कार्ड गेलं.
– कॉलेजवयीन वाचक, लातूर

उत्तर: अरे थांब, काही विकत घेऊ नकोस. एचडीएमआयमधून चित्राबरोबर आवाजही जातो, त्यामुळे मॉनिटर लावला की विंडोजला एक नवीन ‘स्पीकर’ दिसतो आणि बऱ्याचदा ती सगळा आवाज तिकडे वळवते, मॉनिटरला स्पीकर असो वा नसो. कर्ण्यावर क्लिक कर, पट्टीच्या शेजारी छोटं चिन्ह आहे ते दाब, यादीत मॉनिटरचं नाव निवडलेलं दिसेल, त्याऐवजी स्पीकर्स निवड. एवढंच. एखादा गेम किंवा ब्राउझर तरीही हट्टाने मॉनिटरकडेच जात असेल तर व्हॉल्यूम मिक्सरमध्ये त्या प्रोग्रामच्या पुढचा बाण उघड, तिथे प्रत्येकाचं आउटपुट वेगळं निवडता येतं, ते डिफॉल्टवर आण. फारच गुंता झाला असेल तर त्याच पानावर रीसेटचं बटण आहे, सगळं मूळपदावर येतं. आणि हो, त्या दुकानात पुन्हा जाताना जरा जपून.

प्रश्न: मोबाइलचा हेडफोन डेस्कटॉपच्या कॅबिनेटला पुढून लावला. ऐकू सगळं येतं पण माझा आवाज समोरच्याला जात नाही. ऑनलाइन इंटरव्ह्यू आहे, लवकर सांगा.
– वाचक, ठाणे

उत्तर: पिन बाहेर काढून नीट बघा. मोबाइलच्या हेडफोनच्या पिनेवर तीन काळ्या रेघा असतात, म्हणजे पिनेचे चार भाग झाले, डावा, उजवा, माईक आणि अर्थिंग. जुन्या पद्धतीच्या डेस्कटॉपला दोन वेगळी भोकं असतात, हिरवं ऐकायचं आणि गुलाबी बोलायचं, आणि प्रत्येक भोकाला तीन भागांचीच पिन कळते. त्यामुळे माईकची तार कुठेच टेकत नाही. यावर इलाज सेटिंगमध्ये नाही, एक छोटी वायर घ्यावी लागते, एका बाजूला चार भागांच्या पिनेचं भोक आणि दुसऱ्या बाजूला हिरवी आणि गुलाबी अशा दोन पिना. दुकानात नुसतं ‘स्प्लिटर द्या’ म्हणू नका, ते दोन जणांनी गाणी ऐकायची वायर देतात, एक पिन आणि दोन भोकं, ती उपयोगाची नाही. ‘माईक आणि हेडफोन वेगळं करणारा’ असं सांगा, तुम्ही ठाण्याचे म्हणजे मुंबईतला लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार लांब नाही, पण स्टेशनजवळ मोबाइल ॲक्सेसरीजच्या दुकानातही मिळून जाईल.

वायर लावूनही नाही झालं तर दोन गोष्टी. पुढच्या भोकांची केबल आतून मदरबोर्डला जोडलेलीच नसते असं असेंबल केलेल्या मशीनमध्ये सर्रास दिसतं, म्हणून मागच्या भोकांत लावून बघा. आणि सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, तिथे मायक्रोफोन, त्यात डेस्कटॉप ॲप्सना माईक वापरायची परवानगी आहे का ते पाहा. आवाज जातोय पण फार बारीक असं असेल तर मोअर साउंड सेटिंग्जमधल्या रेकॉर्डिंग टॅबमध्ये माईकवर दोनदा क्लिक करून लेव्हल्समध्ये जा, मायक्रोफोन बूस्ट दिसेल, १०, २० आणि ३० डेसिबल अशा पायऱ्या असतात. १० पुरे होतं. ३० वर नेलंत तर शेजारच्या घरातली कुकरची शिट्टीही इंटरव्ह्यू घेणाऱ्याला ऐकू जाईल. यूएसबीचा हेडफोन असेल तर यातलं काहीच लागू नाही, त्याचं साउंड कार्ड त्याच्याच पोटात असतं. शुभेच्छा.

प्रश्न: रात्री कॉम्प्युटरवर सिनेमे बघतो. संवाद कुजबुजल्यासारखे, गाणं किंवा मारामारी आली की एकदम धडाम, रिमोट हातात घेऊनच बसल्यासारखं माउस धरून बसावं लागतं. सोसायटीत खालच्या मजल्यावरून दोनदा तक्रार आली. व्हीएलसीत १२५ पर्यंत नेतो तर आवाज फाटतो.
– वाचक, पुणे

उत्तर: खालच्या मजल्यावरच्यांची बाजू आधी घेतो. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे, आणि त्यांना त्रास होतोय तो बहुतेक संवादांचा नसून तुमच्या वूफरचा. जाड, म्हणजे खालच्या सुराचा आवाज भिंतीतून आणि स्लॅबमधून आरामात जातो, उंच सुराचा तिथेच अडतो. वूफर जमिनीवर कोपऱ्यात ठेवला असेल तर तो कोपऱ्यातून काढा, खाली जाड रबर किंवा जुनी सतरंजी घाला आणि मागचं बेसचं बटण निम्म्यावर आणा. हे आज रात्रीच करा.

आता संवाद. सिनेमाचा ५.१ आवाज म्हणजे सहा वेगळे प्रवाह, पुढे डावा, उजवा आणि मधला, मागे दोन, आणि एक वूफरचा. संवाद जवळजवळ सगळे मधल्या स्पीकरला दिलेले असतात. तुमच्याकडे स्पीकर दोनच, म्हणजे मधल्याचे संवाद डाव्या-उजव्यात वाटून घालावे लागतात आणि तिथे आधीच संगीत, बंदुका, पाऊस यांची गर्दी. हा झाला साधा त्रास. पण कधीकधी विंडोजमध्ये चुकून ५.१ स्पीकर जोडलेत असं निवडलेलं असतं, मग ती मधला प्रवाह प्रामाणिकपणे मधल्या स्पीकरकडे पाठवते, जो तुमच्याकडे नाहीच, आणि संवाद हवेत जातात. म्हणून पहिल्यांदा तेच तपासा. मोअर साउंड सेटिंग्ज, प्लेबॅक टॅब, स्पीकर्स निवडून खाली डावीकडे कॉन्फिगर, आणि तिथे स्टीरिओ.

मग व्हीएलसी, म्हणजे तुमचा सिनेमे बघायचा प्लेअर. ऑडिओच्या मेनूमध्ये स्टीरिओ मोड आहे, तो स्टीरिओवर ठेवा. कंट्रोल आणि ई दाबलं की इफेक्ट्सची खिडकी उघडते, तिथे कॉम्प्रेसर नावाचा टॅब, तो चालू करा. एवढ्या पट्ट्या बघून घाबरू नका, दोनच हलवायच्या. थ्रेशोल्ड खाली आणत गेलात की मारामारी दबायला लागते, आणि सगळं दबून गेल्यावर मेकअप गेन थोडं वर नेलंत की संवादांसकट सगळं उचललं जातं. हा प्रयोग मारामारीच्या प्रसंगावर करा, आणि हो, दिवसा करा. १०० च्या वर आवाज फाटतो याचं कारण सरळ आहे, डिजिटल आवाजाला एक छत असतं, त्यावर गेलेल्या लाटांचे शेंडे छाटले जातात आणि तोच छाटलेपणा तुम्हाला फाटका ऐकू येतो. संवाद मुळात छतापासून लांब असतात म्हणून ते फाटत नाहीत, पार्श्वसंगीत छताला टेकलेलंच असतं म्हणून ते आधी फाटतं. ओटीटीवर बघत असाल तर ऑडिओच्या यादीत ५.१ लिहिलेला आणि न लिहिलेला असे दोन पर्याय कधीकधी असतात, दोन स्पीकरवाल्यांनी न लिहिलेला घ्यावा.

प्रश्न: आमच्या शाळेच्या लॅबमध्ये उबंटू आहे. काही मशीनवर आवाजाची पट्टी पूर्ण वर, तरी आवाज शून्य. विंडोज टाकू का?
– शिक्षक, गडहिंग्लज

उत्तर: सर, बिलकुल टाकू नका, उबंटू चांगली चालतेय तर चालू द्या. उबंटू म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, आणि लिनक्समध्ये आवाजाचे दोन मजले असतात. खाली अल्सा, जे थेट साउंड कार्डाशी बोलतं, आणि वर पल्सऑडिओ किंवा आता पाइपवायर, जे वेगवेगळ्या प्रोग्रामचा आवाज एकत्र करतं. उबंटू २२.१० पासून वरचा मजला पाइपवायरचा आहे. तुम्हाला कोपऱ्यात दिसते ती वरच्या मजल्याची पट्टी, आणि बंद आहे बहुतेक खालचं काहीतरी.

टर्मिनल उघडून ‘अल्सामिक्सर’ (alsamixer) असं इंग्रजीत एकत्र, लहान लिपीत टाइप करा आणि एंटर मारा. जुन्या काळच्या स्क्रीनसारखे उभे खांब दिसतील. एफ६ दाबून खरं साउंड कार्ड निवडा. मग प्रत्येक खांबाच्या खाली बघा, तिथे दोन एम दिसले की तो म्यूट, दोन ओ दिसले की चालू. बाणाने त्या खांबावर जाऊन एम दाबलं की उघडतं, वरच्या बाणाने आवाज वाढतो. मास्टर, हेडफोन, स्पीकर, फ्रंट हे सगळे तपासा, मास्टर चालू आणि फ्रंट म्यूट हा नेहमीचा घोळ. उजवीकडे अगदी शेवटी ‘ऑटो म्यूट मोड’ असतो, हेडफोनच्या भोकात पिन आहे असं त्याला वाटलं की तो स्पीकर बंद करतो, आणि लॅबमधल्या मशीनचं पुढचं भोक पोरांनी पिना खुपसून खुपसून सैल केलेलं असतं, त्यामुळे पिन नसतानाही त्याला पिन दिसते. तो डिसेबल्ड करा. एस्केप दाबून बाहेर या.

शिवाय सॉफ्टवेअर सेंटरमधून ‘पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल’ घेऊन ठेवा, पाइपवायरवरही चालतं, त्यात प्रत्येक प्रोग्रामची पट्टी वेगळी मिळते आणि कुठल्या भोकातून आवाज काढायचा तेही निवडता येतं. सेटिंग्जमध्ये ‘ओव्हर ॲम्प्लिफिकेशन’ नावाचं बटण आहे, १०० च्या वर न्यायचं, ते वर्गात मुलांचा गलका असला तरच वापरा, फाटण्याचं वर सांगितलंय तेच इथेही.

प्रश्न: मॅक घेतलाय, व्हॉल्यूम मिक्सर सापडत नाही.
– वाचक, न्यू जर्सी

उत्तर: सापडणार नाही, कारण ॲपलने प्रत्येक ॲपची वेगळी पट्टी दिलेलीच नाही, इतक्या वर्षांत का दिली नाही ते त्यांनाच विचारा. ‘बॅकग्राउंड म्युझिक’ नावाचं फुकट आणि मुक्त स्रोत ॲप आहे, ते हे काम करतं. आणि आवाजाच्या कळीने फार मोठी उडी पडते असं वाटत असेल तर ऑप्शन आणि शिफ्ट धरून ती कळ दाबा, पाव पाव घर सरकतं.

प्रश्न: बाबांना डाव्या कानाने ऐकू येत नाही. हेडफोन लावून जुनी गाणी ऐकतात पण म्हणतात व्हायोलिन कुठे गेलं, तबलाच ऐकू येतो.
– वाचक, कोल्हापूर

उत्तर: स्टीरिओ रेकॉर्डिंगमध्ये काही वाद्यं फक्त डावीकडे ठेवलेली असतात, ती बाबांना मिळतच नाहीत. बॅलन्सची पट्टी उजवीकडे सरकवून उपयोग नाही, त्याने डावी बाजू नुसती कमी होते, उजवीकडे येत नाही, आणि बरेच जण नेमकं तेच करून बसतात. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, मग ऑडिओ, तिथे ‘मोनो ऑडिओ’ चालू करा, दोन्ही बाजूंचं सगळं एकत्र होऊन दोन्ही कानांत सारखं येतं, व्हायोलिन सापडेल. आवाज मात्र एका कानासाठी म्हणून फार वर नेऊ नका, त्यांचा चालू आहे तो एकच कान आहे. आणि हे सेटिंग त्या त्या युजरपुरतंच असतं, तेव्हा बाबांच्या लॉगिनमध्ये जाऊन करा, तुमच्या नव्हे.